‘कशावरून?’ : लाकडाच्या वजनावरची एक गटचर्चा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर मी बाभळीचा एक वाळका ओंडका आणून ठेवला. काट्यावर तो तीन किलोच्या आसपास भरला. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘हे वजन आलं कुठून?’

समोर अकरावी विज्ञानाची मुलं. प्रकाशसंश्लेषणाचा धडा पंधरा दिवसांपूर्वी शिकवून झाला होता, चाचणी झाली होती आणि समीकरण (सहा कार्बन डायऑक्साइड आणि सहा पाणी मिळून एक ग्लुकोज आणि सहा ऑक्सिजन) बहुतेकांनी बिनचूक लिहिलं होतं. तरी पहिल्या पाच मिनिटांत मी गटागटांतून फिरले, तेव्हा एकच शब्द कानावर येत होता. माती.

हे आमच्याच तालुक्यात होतं असं नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या लोकांनी एमआयटी आणि हार्वर्डमधून नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांपुढे एक बी आणि एक ओंडका धरून हाच प्रश्न विचारला होता. तिथेही हवेचं नाव सहजासहजी कुणाच्या तोंडी आलं नाही. त्यामुळे उत्तर चुकलं याचं मला फारसं नवल वाटलं नाही. बोचलं ते वेगळंच. समीकरण आणि ‘माती’ ही दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदत होती आणि एकीला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. समीकरण परीक्षेतल्या झाडासाठी, माती बांधावरच्या झाडासाठी.

पुढे लिहिते आहे ती त्यांतल्या एका गटाची हकीकत. दोन दिवस, दोन जोडतासिका. मुलांना सांगून टेबलावर मोबाइल ठेवून चर्चा रेकॉर्ड केली आणि नंतर घरी बसून शब्दन् शब्द उतरवून काढली. उतरवताना जे ऐकू आलं ते वर्गात उभी असताना मला ऐकू आलं नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

गट आणि काम

कृष्णाकाठचं गाव, त्यामुळे वर्गात निम्मी मुलं ऊसकऱ्यांची. या गटात पाच जण. नावं देत नाही. चर्चेत ज्याने जो पुरावा आणला त्यावरूनच त्यांना ओळखू. ऊसवाला, चूलवाली, सिलिंडरवाली, हिशेबवाला आणि पाचवी एक मुलगी, जी पहिल्या तासाला जवळजवळ गप्पच होती.

प्रत्येक गटाला पहिल्या दिवशी दोन चिठ्ठ्या दिल्या. पहिल्या चिठ्ठीवर ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली तो छापला गेला. कुंडीत २०० पौंड कोरडी माती, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप, वरून फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी. कुंडीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण, धूळ पडू नये म्हणून. पाच वर्षांनी झाड १६९ पौंड ३ औंस (सोळा औंसांचा एक पौंड) आणि माती वाळवून मोजली तर फक्त २ औंस कमी. दुसरी चिठ्ठी कोरी : घरातला, शेतातला, रस्त्यावरचा एक पुरावा तुम्ही लिहा. नियम एकच. कुणीही काही ठासून सांगितलं की दुसऱ्याने विचारायचं, ‘कशावरून?’

पहिला दिवस

हेल्मोंटची चिठ्ठी वाचून हिशेबवाला लगेच म्हणाला, “म्हणजे पाणी. संपलं.” ऊसवाला म्हणाला, “माती कमी झाली की दोन औंस. म्हणजे माती लागतेच.” सिलिंडरवाली म्हणाली, “यात हवेचं नावच नाही, तर हवा नाही असं कसं म्हणायचं?” एकाच चिठ्ठीतून तीन माणसांनी तीन निष्कर्ष काढले, आणि तिघांचंही बोट चिठ्ठीतल्या त्याच आकड्यांवर होतं. पुरावा आपण होऊन बोलत नाही, हे मी बी.एड.ला वाचलं होतं. ते प्रत्यक्ष घडताना ऐकणं निराळं.

मग चूलवालीने कोरी चिठ्ठी ओढून घेतली. तिच्या घरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं. रेकॉर्डिंगमधलं तिचं बोलणं जसंच्या तसं देते :

“आमच्यात रोज सरपणाची एक मोळी जळते. राख किती निघते? भांडी घासायला घेतो तेवढी. आठ दिवसांची राख एका पाटीत मावते. मातीतनं आलेलं असतं तर माती जळते का? ते खाली उरलं असतं.”

“कशावरून?” हिशेबवाल्याने नियम म्हणून विचारलं.

“माती जळत नाही म्हणून. चूल मातीचीच आहे ना! ती जळाली का?”

हे वाक्य मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. चर्चेचा अभ्यास करणारे स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या १९५८च्या मांडणीवरून दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारा दुवा असे भाग पाडतात. मुलं दावा करतात, आधारही देतात. राहून जातो तो दुवा. इथे दावा आहे : वजन मातीचं नाही. आधार आहे : राख थोडी. आणि दुवा आहे : मातीतलं द्रव्य जळून जात नाही, ते मागे उरतं. सतरा वर्षांच्या मुलीने तो चुलीकडे बोट दाखवून दिला. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नी हे आहे, आणि तिथे दाखला म्हणून येतं ते स्वयंपाकघरच : जिथे धूर तिथे अग्नी, जसं चुलीपाशी. इतक्या शतकांनंतर तीच चूल माझ्या प्रयोगशाळेत पुरावा म्हणून आली याचा मला मनापासून आनंद झाला.

सिलिंडरवालीने जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाचा दाखला काढला. “भिंतीतही चुन्यामातीचा थर असतो,” म्हणून तो लगेच निकालात निघाला. बाटलीतला मनीप्लांटही आला आणि गेला.

टिकला तो ऊसवाल्याचा आक्षेप. तो घरच्या अनुभवातून बोलत होता, आणि त्या अनुभवात खोटं काही नव्हतं.

“खत टाकलं नाही तर ऊस येतो का? आमच्या एका पट्ट्यात गेल्या साली खताचा हप्ता चुकला. पेरंच आखूड राहिली. डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही म्हणता मातीतनं काही येत नाही.”

माझा अडथळा

इथे मी चूक केली. शेजारच्या टेबलावरून मी ऐकत होते आणि मला राहवलं नाही. मध्ये जाऊन मी सांगून टाकलं, की खत हे झाडाचं अन्न नव्हे, नत्र हरितद्रव्यासाठी आणि प्रथिनांसाठी लागतं, ते कमी पडलं की अन्न बनवायचं कामच मंदावतं. बोलले ते सगळं बरोबर होतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर जवळजवळ चार मिनिटं फक्त पेनांचा आवाज आहे. पाचही जण माझं वाक्य वहीत उतरवून घेत होते.

त्या चार मिनिटांत जीवशास्त्र थांबलं आणि तास सुरू झाला, एवढंच मी म्हणेन. ऊसवाल्याचं समाधान झालेलं नव्हतं; तो गप्प झाला होता. या दोन्हींतला फरक उभ्या उभ्या कळत नाही.

चर्चा पुन्हा सुरू केली ती न बोलणाऱ्या मुलीने. मी लांब गेल्याची खात्री करून ती हळूच म्हणाली, “पण कशावरून? मॅडम म्हणाल्या म्हणून?”

त्यावर हिशेबवाला हसला आणि ऊसवाल्याला म्हणाला, “सांग बरं, एकरी किती निघतो?”

“चाळीस टन. बरा असला तर.”

“खताची पोती?”

“सगळी मिळून पंधरा-वीस धर.”

“पन्नास किलोचं पोतं, वीस पोती, एक टन. एक टन घालून चाळीस टन?”

“त्यात पाणी पण असतं की,” ऊसवाला म्हणाला. “रस निघतो.”

“बरं, पाणी काढ. किती उरेल?”

मला विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, की उसात साधारण सत्तर टक्के पाणी धरा. त्यांनी मांडलं : चाळीस टनांतले बारा टन कोरडे. एक टन खत पूर्णच्या पूर्ण उसात गेलं असं मानलं तरी अकरा टनांचा हिशेब लागत नाही. ऊसवाला बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे खत हे मिठासारखं. नसेल तर जेवण जात नाही, पण पोट मिठाने भरत नाही.”

मी चार मिनिटं गोठवून ठेवलेली गोष्ट त्याने दोन वाक्यांत स्वतःची केली. आता त्याचा अनुभव आणि चिठ्ठीतला आकडा एकाच चित्रात बसत होते. त्याला आखूड पेरांची साक्ष खोटी ठरवावी लागली नाही. गटचर्चेत असं घडायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायला आपण तयार नसतो. माझ्यासकट.

वायूला वजन

माती गेली, खत गेलं, उरलं पाणी आणि हवा. हवेपाशी येऊन सगळे अडले. समीकरणात कार्बन डायऑक्साइड लिहिलेला होता, तोंडपाठ होता, पण त्याने लाकूड होईल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. चूलवाली सरळ म्हणाली, “हवेला कुठलं आलंय वजन?”

आमच्या पाठ्यपुस्तकांत हे आठवी-नववीत येऊन जातं. मुलांनी वाचलेलं असतं. पण हाताला जे जड लागत नाही ते जड आहे असं मानायला हाताचाच पुरावा लागतो, आणि तो सिलिंडरवालीकडे होता.

“सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेलं असतं ना! संपत आला की आई हलवून बघते, हलका लागतो. गॅस गेला म्हणून हलका झाला.”

“आत तो पातळ असतो,” हिशेबवाला म्हणाला. “द्रवरूप.”

“बाहेर पडताना वायू होऊनच पडतो ना? मग १४.२ किलो वायूच गेला की घरातनं.”

याच्यापुढे हिशेबवाल्याकडे उत्तर नव्हतं, पण दुसरा आक्षेप होता, आणि तो मला या दोन दिवसांतला सर्वांत सकस आक्षेप वाटला. “हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो. एवढ्याशानं ओंडका कसा होईल?” हवेच्या उत्तराला विरोध करताना तो पुस्तकातलाच आकडा वापरत होता. पाठ करणारं मूल असं करत नाही.

मी त्यांना एकच माहिती दिली : एक घनमीटर हवेत साधारण पाऊण ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. बाकी त्यांनी केलं. प्रयोगशाळेची लांबी पावलांनी मोजली; दहा मीटर लांब, आठ रुंद, उंची साडेतीन धरली. दोनशे ऐंशी घनमीटर. त्यातला कार्बन डायऑक्साइड दोनशे दहा ग्रॅम, आणि त्यातला नुसता कार्बन, ४४ भागांतले १२ भाग, म्हणजे सत्तावन्न ग्रॅम. ओंडक्यात निम्मा कार्बन धरला तर दीड किलो. म्हणजे अशा पंचवीस-सव्वीस खोल्यांची हवा या एका ओंडक्यात आहे. (आम्ही साठ जण आत श्वास सोडत होतो तेव्हा प्रत्यक्षात खोल्यांचा आकडा कमी येईल, हेही त्यांनीच सांगितलं.)

“बाभूळ काय एका दिवसात वाढली नाही,” चूलवाली म्हणाली. “आणि वारा कुठं थांबतो?”

तास संपताना मी हेल्मोंटबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. त्याने ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला होता. राख उरली १ पौंड. बाकीचे ६१ पौंड ‘गॅस’ होऊन गेले असं त्याने लिहिलं. ‘गॅस’ हा शब्दच त्याने घडवलेला, आणि त्या कोळशातून निघालेल्याला त्याने रानटी वायू असं नाव दिलं. तोच आपला कार्बन डायऑक्साइड.

“म्हणजे त्याच्याकडे पण चूल होती,” चूलवाली म्हणाली. “आणि तरी तो पाणीच म्हणाला?”

हो. लाकडातून एवढा वायू निघतो हे त्याला ठाऊक होतं. लाकूड वाढताना तोच वायू आत जात असेल, हे त्याला सुचलं नाही. दोन गोष्टी दोन कप्प्यांत राहिल्या. माझ्या मुलांचं समीकरण आणि त्यांची माती राहिली होती, तशाच.

हिशेब जुळला आणि मग मोडला

दुसऱ्या दिवशी हिशेबवाला घरूनच तक्ता करून आला होता. समीकरणातल्या प्रत्येक रेणूचं वजन. कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू २६४, पाण्याचे सहा १०८, एकूण ३७२. पलीकडे ग्लुकोज १८०, ऑक्सिजन १९२, एकूण ३७२. लाकूड या ग्लुकोजपासूनच घडतं, म्हणून आता प्रश्न असा, की ग्लुकोजच्या १८० मध्ये हवेचा वाटा किती आणि पाण्याचा किती?

त्याने उत्तरही काढलं होतं. कार्बन डायऑक्साइडमधला सगळा ऑक्सिजन बाहेर टाकला, तर तो नेमका १९२ भरतो. मागे उरतो ७२ कार्बन. त्याला १०८ पाणी जोडलं की १८०. “एकदम बरोबर बसतं,” तो म्हणाला. “म्हणजे शंभरातले साठ भाग पाणी. हेल्मोंट अर्ध्याहून जास्त बरोबर होता.”

आकडे इतके चोख जुळले, की गटात कुणी ‘कशावरून’ विचारलंच नाही. मलाही त्याला दोष द्यावासा वाटत नाही. जगाने दीर्घकाळ हेच मानलं होतं. मराठीतला आपला शब्दच बघा : कर्बोदक. कर्ब आणि उदक. कोळसा आणि पाणी यांची जोड. तो जुना हिशेब आपण नावातच जपून ठेवला आहे.

मग मी तिसरी चिठ्ठी दिली. १९४१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी क्लोरेला या हिरव्या शैवालावर केलेला प्रयोग. ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो, अणुभार १६ ऐवजी १८. निसर्गात तो ०.२० टक्के. त्यांनी पाण्यात तो वाढवून ०.८५ टक्के केला आणि बायकार्बोनेट, म्हणजे शैवालाला कार्बन डायऑक्साइड पुरवणारा विरघळलेला क्षार, साधं ठेवलं. शैवालाने सोडलेल्या ऑक्सिजनमध्ये जड प्रकार जवळपास पाण्याइतकाच निघाला. मग उलट केलं : पाणी साधं, जड ऑक्सिजन बायकार्बोनेटमध्ये. आता बाहेर येणाऱ्या वायूत जड प्रकार साध्या पाण्याएवढाच, ०.२०.

सिलिंडरवालीने चिठ्ठी मोठ्याने वाचली. “बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला. सगळा.”

“अशक्य,” हिशेबवाला म्हणाला. “पाण्यात एवढा ऑक्सिजन नाहीच. सहा पाण्यांत ९६. बाहेर पडतोय १९२.”

यापुढची अकरा मिनिटं मी जशीच्या तशी जपून ठेवली आहेत. आधी त्यांनी पुराव्यावर संशय घेतला. हिशेबवाल्याने विचारलं, पाण्यातला जड ऑक्सिजन आधी कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरला आणि मग तिथून बाहेर पडला असं नसेल कशावरून? हा संशय रास्त आहे. पाणी आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यात ऑक्सिजनची अदलाबदल खरंच होते. न बोलणारी मुलगी म्हणाली, “मग उलट्या प्रयोगात बाहेर ०.२० आला नसता. तिथं बायकार्बोनेटमध्ये जास्त होता.” आणि चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीखाली तिने नखाने रेघ मारली.

पुरावा उभा राहिला. आता डगमगायचं होतं ते समीकरणाने. चाचणीत पैकीच्या पैकी गुण दिलेलं, फळ्यावर मी स्वतः लिहिलेलं.

“पाणी दुप्पट घे,” सिलिंडरवाली म्हणाली.

“आणि जास्तीचं जाईल कुठं?”

“पाणी होऊनच बाहेर पडेल.”

“पाणी घालून पाणी काढायचं?”

तेवढ्यात चूलवालीने पुस्तक उघडलं. पुस्तकात समीकरण तसंच छापलेलं होतं : डावीकडे बारा पाणी, उजवीकडे सहा पाणी. मुलांनी धडा शिकताना ते पाहिलं होतं. सहा दोन्हीकडे आहेत म्हणून गणितात कापतात तसे त्यांनी कापून टाकले होते, आणि सोपं केलेलं समीकरण मीही चालवून घेतलं होतं. कापल्यावर समीकरण तोलात राहतं. फक्त कुठला अणू कुठे गेला, ही त्यातली गोष्ट पुसली जाते.

हिशेबवाल्याने तक्ता खोडून नवा केला. ऑक्सिजन सगळा पाण्याचा. मग ग्लुकोजमधला कार्बन ७२ आणि ऑक्सिजन ९६, हे हवेचे. हायड्रोजन १२, तो पाण्याचा. १८० पैकी १६८ हवेतून. शंभरातले त्र्याण्णव.

साठ टक्के पाणी होतं ते एका चिठ्ठीने सातवर आलं. कुणी काही बोललं नाही. मग ऊसवाला ओंडका दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, “हा वाराच आहे मग.”

मला या प्रकरणात मोलाचं वाटतं ते हे, की सोपं समीकरण चुकीचं नव्हतं. त्याच्या पोटात दोन हिशेब बसत होते आणि कुठला खरा हे ते स्वतः सांगू शकत नव्हतं. मुलांना हे कळलं ते समीकरणाकडून वजनाचं काम करून घेतलं तेव्हा. नुसतं लिहून घेतलं असतं तर ते आयुष्यभर बिनचूक राहिलं असतं आणि काही उपयोगाचं नसतं.

एक धागा मात्र मी जवळजवळ गमावला होता. तास संपता संपता चूलवाली हेल्मोंटच्या चिठ्ठीकडे परत गेली. “याची माती दोनच औंस कमी झाली. पण माझी राख त्याच्यापेक्षा जास्त पडते.” त्यांनी मोजलं : झाडाची वाढ १६४ पौंड, निम्मं पाणी धरलं तर कोरडं ८२, त्यात शेकडा एक राख धरली तरी पाऊण पौंडाच्या वर, म्हणजे तेरा औंस. दोन औंस फारच कमी. मग कारणांचा शोध : पाण्यातून काही क्षार आले असतील, झाकणाच्या भोकांतून धूळ गेली असेल. आणि हिशेबवाल्याचं म्हणणं, की २०० पौंड म्हणजे ३२०० औंस. माती पहिल्या वेळी आणि पाच वर्षांनंतर अगदी सारखीच वाळली होती कशावरून? सोळाशेत एक एवढा फरक तर ओलाव्यानेच पडेल. पावणेचारशे वर्षं पुस्तकापुस्तकांतून आलेला आकडा एका मुलीने घरच्या राखेशी ताडून पाहिला.

लेखी उत्तरं

शेवटी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं होतं, पुस्तक मिटून. चौघांनी हवा लिहिलं आणि कारणंही दिली; पण कारणं निरनिराळी. हिशेबवाल्याने फक्त आकडे लिहिले, चूल किंवा ऊस यांचा उल्लेखही नाही. चूलवालीने राखेपासून सुरुवात केली आणि १९४१च्या प्रयोगाला एक ओळ दिली. सिलिंडरवालीने उत्तराबरोबर चित्र काढलं, झाडाच्या पानांतून बाण आत जाणारे. बरोबर काय म्हणून विचाराल तर तिघांचंही.

ऊसवाल्याने लिहिलं : ‘जास्त वजन हवेचं आहे हे हिशेबाने पटलं. पण खत नसेल तर हवा असूनही ऊस वाढत नाही, हे पण लिहायला पाहिजे.’ मला हे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटलं. परीक्षेत त्याला त्या दुसऱ्या वाक्याचे गुण मिळणार नाहीत, आणि हे मला त्याला सांगावं लागलं याचं वाईट वाटतं.

न बोलणाऱ्या मुलीने उत्तर चार ओळींत संपवून खाली प्रश्न लिहिला होता : ‘झाड रात्री श्वसन करतं, म्हणजे समीकरण उलटं चालतं. मग रात्री झाड हलकं होतं का?’

झाड काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून मटकी घ्यायचं गटाने ठरवलं. अंधारात मोड आणायचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही, फक्त श्वसन. ऊसवाल्याचं म्हणणं वजन वाढणार, घरी आई भिजवते तेव्हा वाटीची परात होते. चूलवाली म्हणते ते पाणी, वाळवल्यावर बघ. पन्नास ग्रॅम मटकी मोजून ओल्या फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे. शेजारी, त्याच मुलीच्या आग्रहावरून, आणखी पन्नास ग्रॅम न भिजवता एका ताटलीत आहे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच उन्हात वाळवायच्या आणि मगच मोजायच्या. कोरड्या मटकीतही ओलावा असतो, असं तिचं म्हणणं. हेल्मोंटच्या मातीसारखं व्हायला नको.